हलक्या दगडाचं घर

नाना देवरे आमच्याकडे आले की बेल वाजवत नसत. मधल्या बोटाच्या पेराने दारावर दोनदा टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकत उभे राहायचे. मी दार उघडलं की आधी दाराविषयी बोलायचे. एकदा म्हणाले, "बाई, खालच्या फळीला वाळवी लागलीय. आवाज बदलला." मला काहीच दिसत नव्हतं. सुताराला बोलावलं, त्याने फळी काढली, तर आत नुसता भुसा. तेव्हापासून त्यांच्या बोटावर माझा माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता.

नानांना जाऊन आता काही महिने झाले. माझी गॅलरी त्यांच्या अंगणावर उघडते, म्हणून कॉलनीतले लोक अजून मला जिन्यात थांबवून विचारतात, की एवढा बंगला असताना नाना शेवटी अंगणातल्या त्या गाडीत का राहत होते. कोणी म्हणतं मुलाशी बिनसलं होतं. कोणी म्हणतं विमलकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, आजाराचा त्यांच्याही डोक्यावर परिणाम झाला. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि ते जिन्यात उभ्या उभ्या होण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले. लिहिता लिहिता मलाही नीट कळेल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही, हे आधीच सांगते.

नाना पाटबंधारे खात्यात होते. दुसऱ्यांनी बांधलेलं ठोकून पाहणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. धरणाची भिंत, कालव्याचं अस्तर, क्वार्टरचा गिलावा. निवृत्त झाले तरी बोट थांबलं नाही. भाजी बाजारात कलिंगडवाला त्यांना लांबून पाहूनच म्हणायचा, "साहेब, वाजवू नका, मीच चांगलं देतो." माझ्याकडून वाचायला पुस्तक नेताना ते पुठ्ठ्यावर टकटक करायचे. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, पुस्तकाची ही परीक्षा मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. आमच्या सोसायटीच्या एका समारंभात पाहुणे फार वेळ बोलत होते. नाना माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हळूच दोनदा बोट वाजवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोकळ." मला हसू आवरेना, म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेले.

पोकळ हा त्यांच्या तोंडचा सर्वांत वाईट शब्द होता. त्यांनी कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. 

त्यांच्या हॉलची एक भिंत दगडी आहे. बंगला बांधला तेव्हा नाशकात अशा भिंतींची हौस होती. एरवी लोक ठेकेदारावर सोडून देत. नानांनी खाणीवर जाऊन काळे दगड एकेक करून वाजवून घेतले. विमलकाकू सांगायच्या, "माझं लग्न ठरवताना यांनी इतकं पाहिलं नव्हतं हो." त्यावर नाना म्हणायचे, "तुला वाजवून बघायची हिंमत कुणाची होती?" काकू सटाण्याच्या, तोंडाने फटकळ, बालवाडी चालवायच्या. अर्ध्या कॉलनीची मुलं त्यांच्या हाताखालून गेली. मला त्या सुनंदा अशी एकेरी हाक मारायच्या आणि वाटीत काही ना काही पाठवायच्या. वाटी परत करताना मी ती रिकामी देत नसे. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. हे मला त्यांनीच पहिल्या वाटीला दटावून शिकवलं होतं.

मग काकू विसरू लागल्या. आधी नावं, मग वाटा, मग माणसं. मी 'सुनंदा'ची 'तुम्ही' झाले, ते कधी झालं हे नेमकं सांगता येत नाही. पण एक गोष्ट त्यांच्या हाताला ठाऊक होती. घाबरल्या, गोंधळल्या की त्या हॉलमधल्या त्या भिंतीशी जायच्या आणि सोफ्याच्या वरच्या एका दगडावर तळवा टेकवायच्या. दगड तळव्यापेक्षा जरासा मोठा, हात लागून लागून तुळतुळीत झालेला. हात टेकला की चेहरा शांत व्हायचा. "घरीच आहे ना मी," म्हणायच्या. नाना म्हणायचे, "घरीच आहेस."

अडचण ही, की त्या भिंतीशिवाय त्या कुठेच थांबेनात. मुलगा प्रदीप पुण्याला असतो. त्याच्याकडे नेलं तर त्याच्या गुळगुळीत रंगवलेल्या भिंती चाचपत त्या घरभर फिरल्या आणि घरी चला, घरी चला, हे थांबलंच नाही. दुसऱ्या दिवशी परत आणावं लागलं. आणि सटाण्याला त्यांची मोठी बहीण, लीलाआक्का. आक्कांचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्या वॉकर धरून ओट्यापर्यंत येत, प्रवास बंद. काकू सगळ्यांना विसरत चालल्या होत्या, पण लीलाचं नाव अजून तोंडात होतं. लीलाला भेटायचंय, असं त्या रोज म्हणत. नाना रोज ऐकत. ते नावही एक दिवस जाणार हे त्यांना कळत होतं आणि त्याआधी दोघींना एकदा समोरासमोर बसवायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी धरली होती.

एका सकाळी त्यांच्या अंगणात जांभळाखाली एक पांढरी गाडी उभी दिसली. गाडी म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढायची खोली. आत पलंग, छोटा ओटा, घडीचं टेबल. तिला कॅम्पर ट्रेलर म्हणतात हे मला नानांमुळे कळलं. गंगापूर धरणाकडच्या कुण्या द्राक्ष बागाईतदाराने ती पाहुण्यांसाठी घेतली होती, हौस फिटल्यावर पडून होती. मी विचारलं, "नाना, फिरायला जाणार का?" ते म्हणाले, "आपण नाही जायचं, बाई. घर न्यायचं. सटाण्याला लीलाआक्कांच्या अंगणात घर उभं करायचं. ही आपल्या घरात बसेल, आक्का भेटायला येतील."

मला ते क्षणभर पटलं, आणि मग आतल्या पांढऱ्या गुळगुळीत भिंती पाहिल्या. नानांनीही त्या वाजवून पाहिल्या होत्याच. 

खरा दगड लावणं शक्य नव्हतं. ओढायच्या गाडीत एका बाजूला वजन पडलं की ती रस्त्यावर झोलकांड्या खाते, हे त्यांनी मला कागदावर आकृती काढून समजावलं. मग आम्ही मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथे भिंतभर काळा दगड लावलेला होता, खडबडीत, कडा फुटलेल्या, मधल्या फटींत सिमेंटसुद्धा. मला वाटलं खाणीतून उचलून आणलाय. सेल्समनने त्यातला एक मोठा तक्ता एका हाताने उचलला आणि वर्तमानपत्रासारखा नानांच्या हातात दिला. आत फोमचा फेस, वर कडक पातळ कवच आणि रंग. "सर, एकदम ओरिजिनल लुक," तो म्हणाला. नानांनी बोट उचललं. मी त्यांच्याकडे बघत होते. बोट तसंच राहिलं, मग त्यांनी हात खिशात घातला आणि विचारलं, "पाण्याने खराब होतो का?"

त्यांनी तो दगड वाजवला नाही. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं की काय, कोण जाणे. मला विचारणं जमत नाही.

काम त्यांनी स्वतःच केलं. मला तक्ते धरायला बोलवायचे, मी धरायचे. आधी आतली चकचकीत प्लाय काचकागदाने घासून खरखरीत केली, नाहीतर गोंद धरत नाही. तक्ते बारीक दातांच्या करवतीने कापले. कापताना थर्मोकोलसारखा भुगा उडायचा आणि नानांच्या भुवयांवर बसायचा. नुसत्या गोंदावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून काळ्या फटींमध्ये दिसणार नाहीत असे स्क्रू. स्क्रूची भोकं मुद्दाम थोडी मोठी ठेवली. म्हणाले, "गाडी चालताना अंग मोडते. भिंतीला हलायला जागा नको का? घट्ट बसवलं की तडकतं." हे वाक्य मी कुठेतरी पुस्तकात वाचलं असतं तर खाली रेघ ओढली असती. त्यांनी ते स्क्रू तोंडात धरून म्हटलं. 

हॉलमधल्या भिंतीचा फोटो काढून ते दगडांची मांडणी तशीच जुळवत होते. रंग कमी पडला तिथे काजळी आणि चुना कालवून हात मारला. काकू अंगणात खुर्चीवर बसून बघत. एकदा म्हणाल्या, "कुणाचं घर बांधताय?" नाना म्हणाले, "तुझं." त्या म्हणाल्या, "मला आहे की."

भिंत झाली. डोळ्यांना अगदी हॉलसारखी. गोंदाचा वास जावा म्हणून खिडक्या बरेच दिवस उघड्या ठेवल्या. मग एका दुपारी नानांनी काकूंना आत नेलं, पलंगावर बसवलं. काकूंनी सवयीने हात मागे नेला, तळवा टेकवला आणि लगेच उचलला. पुन्हा टेकवला. पुन्हा उचलला. मग त्या उभ्या राहिल्या आणि घरी चला म्हणाल्या. दार तर समोर दिसत होतं, बंगल्याचं.

नाना मला म्हणाले, "गार लागत नाही तिला. दगड गार असतो." 

पुढच्या आठवड्यात, सटाण्याला निघायच्या आदल्या दिवशी, त्यांनी हॉलमधला तो दगड काढला. अख्खी दुपार छिन्नीने चारी बाजूंचं सिमेंट खरवडत होते, दगडाला ओरखडा येऊ न देता. गाडीत पलंगाशी, बरोबर काकूंच्या हाताच्या उंचीवर, तक्त्याला चौकोन कापून त्यांनी तो आतल्या लोखंडी पट्टीला पक्का केला. एक दगड गाडीला जड नाही, असं ते दोनदा म्हणाले. हॉलमध्ये खड्डा पडला होता. त्यात त्यांनी उरलेल्या तक्त्याचा तुकडा बसवला, कडा जुळवल्या, रंग मारला. मी वाकून पाहिलं, कळत नव्हतं. मी म्हटलं, "नाना, इथे खोटा?" ते म्हणाले, "एवढ्या खऱ्या दगडांत एक चालून जाईल, बाई."

गाडीत काकूंचा हात दगडावर टेकला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंडीतच, आम्ही सटाण्याला निघालो. पुतण्या भरत जीप चालवत होता, नाना पुढे, मी आणि काकू मागे. चालत्या गाडीत ट्रेलरमध्ये बसायचं नसतं, आणि नाना नियम मोडणाऱ्यातले नव्हते. पिंपळगावच्या पुढे काकू अस्वस्थ झाल्या. कांद्याचे ट्रॅक्टर पुढे, आम्ही मागे, आणि घरी चला सुरू झालं. सोग्रस फाट्यापाशी नानांनी जीप बाजूला घ्यायला लावली. काकूंना उतरवून मागे नेलं, दार उघडलं. त्या आत गेल्या, पलंगावर बसल्या, हात मागे टेकवला आणि मला म्हणाल्या, "बसा ना. चहा टाकते." नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. एखाद्या बांधावर पाणी अडलं की तसे बघत असतील. चहा मीच केला. रस्त्यावरून ट्रक गेला की सगळी दगडी भिंत बारीक थरथरायची.

लीलाआक्कांच्या अंगणात गाडी लावली, चाकांना दगड लावले, पायऱ्या खाली सोडल्या. आक्का वॉकर सरकवत आल्या. पहिल्या पायरीशी थांबल्या. पायऱ्या लोखंडी, उंच, उघड्या. खुब्याचं हाड मोडलेली बाई त्या चढणार कशी? नानांनी वजन मोजलं होतं, गोंद तपासला होता, गारवासुद्धा आणला होता. आक्कांचा पाय त्यांच्या आकृतीत कुठेच नव्हता. ते पायऱ्यांकडे बघत उभे राहिले. भरत म्हणाला, "काका, उचलून घेऊ का?" आक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "मी काय कांद्यानी गोणी शे का रे?"

शेवटी दारासमोर खुर्ची टाकली. आक्का खाली अंगणात, काकू वर दारात पलंगाच्या कडेला, एक हात मागे दगडावर. 

काकूच आधी बोलल्या. "आत या ना. बाहेर का बसलात?"

"बरं शे इथे," आक्का म्हणाल्या. "ऊन लागतंय पाठीला."

"तुम्ही कुठल्या?"

आक्कांनी नानांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सटाण्याची."

काकूंचा चेहरा उजळला. "आमची लीला राहते तिथे. तुम्हाला भेटते का?"

"भेटते की. रोज भेटते."

"तिला म्हणावं, विमल घरीच आहे. कुठे गेलेली नाही. ये म्हणावं एकदा."

"सांगते," आक्का म्हणाल्या. 

मग दोघी भोपळ्याच्या घाऱ्यांविषयी बोलल्या. काकूंनी लीला घाऱ्या कशा करपवायची ते सांगितलं, आणि आक्का म्हणाल्या, "एकदाच करपल्या होत्या तिच्या. ते अजून लक्षात आहे होय?" दोघी हसल्या. नाना गाडीच्या मागे जाऊन चाक तपासत होते. चाकाला काही झालेलं नव्हतं.

भेट झाली की नाही झाली? परतीच्या वाटेवर मी हाच विचार करत होते. देवळ्याच्या आसपास नाना पुढून म्हणाले, "लीलाचं नाव घेतलं ना तिने?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "झालं तर मग." त्यांच्या आवाजावरून ते भरीव होतं की नव्हतं, मला ओळखता आलं नाही. ती विद्या त्यांची होती.

घरी पोहोचलो. नानांनी काकूंना हॉलमध्ये नेलं, सोफ्यावर बसवलं. मी त्यांची पिशवी घेऊन मागे होते. काकूंनी हात मागे नेला. तळवा त्या जागेवर टेकला, आणि त्यांनी तो उचलला. मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मग इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं ते त्यांनी केलं. मधल्या बोटाच्या पेराने त्या तुकड्यावर टकटक केली. नानांचा चेहरा पांढरा पडला. काकू उठल्या, साडी सारखी केली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "येतो हं आम्ही. उशीर झाला." मग नानांना, "चला, घरी जाऊ."

त्या सरळ अंगणातल्या गाडीत जाऊन बसल्या.

मी नानांना एवढंच म्हटलं, की दगड परत हॉलमध्ये बसवता येईल. त्यांनाही ते सुचलेलं होतं. दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन ते गाडीत गेले. खूप वेळाने बाहेर आले, छिन्नी तशीच. म्हणाले, "इथून काढला आणि तिथेही नाही पटलं तिला, तर? मग कुठलंच राहणार नाही." 

तर असं त्यांचं गाडीतलं राहणं सुरू झालं. आंघोळीला, कपड्यांना नाना बंगल्यात यायचे आणि पाहुण्यासारखे घाईने निघायचे. गाडीच्या टपावर जांभळं पडून डाग पडले. प्रदीप पुण्याहून आला की बंगल्यात एकटा झोपायचा. मग काकूंनी त्याला शेजारचा मुलगा ठरवलं. चांगल्या वळणाचा आहे म्हणायच्या. त्यांच्या लेखी बंगल्यात शेजारी राहत होते, अबोल पण सज्जन.

नाना गेले ते त्याच गाडीत, सकाळी, चहा ठेवता ठेवता. काकूंनी गॅस बंद केला होता, एवढं मात्र केलं होतं. प्रदीपने त्यांना पुण्याला नेलं. जाताना त्याने तो दगड पट्टीवरून काढला आणि सोबत घेतला. नाना जे करायला धजले नाहीत ते त्याने दोन मिनिटांत केलं. त्याला दुसरा इलाजही नव्हता. दगड काकूंच्या उशाशी ठेवला आहे म्हणतो. मी फोनवर विचारते. तो म्हणतो, "कधी हात लावते, मावशी. कधी नाही." गाडीत त्या जागी आता चौकोन आहे आणि कडेने पिवळा फेस दिसतो.

मला नाना आठवतात ते त्या शेवटच्या महिन्यातल्या एका दुपारचे. गाडीतून शिऱ्याचा वास येत होता. नाना बाहेर आले, हातात वाटी, वर ताटली झाकलेली. काकूंनी शेजाऱ्यांकडे पाठवलं होतं. दारातून त्यांचा आवाज आला, "वाटी रिकामी आणू नका." नाना अंगण ओलांडून बंगल्याशी गेले. चावी त्यांच्या खिशातच असणार. काकू दारातून पाहत नव्हत्या, आत गेल्या होत्या. तरी नानांनी पायरीखाली चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. वाटी डाव्या हातात घेतली आणि आपल्याच दारावर दोनदा टकटक केली. मग मान तिरकी करून, वाटी सांभाळत, कुणी दार उघडेल म्हणून उभे राहिले.